ब्रेक कोण दाबतंय? लातूरच्या सोयाबीन सीझनमध्ये डेटाबेस क्लस्टरला डॅशबोर्ड लावला त्याचं प्रकरण

दसरा झाला की लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या गाड्या लागायला सुरू होतात आणि त्याच दिवसापासून आमचा सपोर्टचा फोन खाली ठेवता येत नाही. आम्ही आडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर चालवतो. लहान कंपनी आहे, ऑफिसमधल्याच एका खोलीत रॅक, रॅकमध्ये तीन सर्वर, त्यावर मारियाडीबी डेटाबेसचं गॅलेरा क्लस्टर (तिन्ही सर्वरवर तोच डेटा, त्यातला प्रत्येक सर्वर म्हणजे एक नोड), आणि पुढं एचएप्रॉक्सी नावाचा वाटाड्या प्रोग्राम, जो लिहिण्याच्या पोर्टवर आलेलं सगळं एक नंबरच्या नोडकडं पाठवतो आणि वाचण्याच्या पोर्टवरचं तिघांत वाटून देतो. सौदा झाला, माप झालं की मुनीम कट्टे, वजन, भाव टाकतो, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. ती पट्टी हातात आल्याशिवाय माणूस गावाकडं निघत नाही, त्यामुळं स्क्रीन अडकली की दुकानासमोर लाइन लागते, आणि ती लाइन म्हणजे पहाटे चारला घरून निघालेली माणसं असतात हे आमच्या ऑफिसात बसून विसरायला होतं.

तर त्या सीझनला झालं असं की रोज सकाळी साधारण अकरा ते एकच्या मधे सॉफ्टवेअर अडकायला लागलं. पूर्ण बंद नाही, दहा-पंधरा सेकंद चक्री फिरते, मग सुटतं, परत थोड्या वेळानं तेच. आमच्याकडं फोनवर जी ताई बसते तिला एका मुनीमकाकांचा फोन आला, "ताई, सेव्ह दाबलं की नुसतं फिरायलंय, पट्टीच निघंना, हिकडं माणसं अंगावर यायलेत." ताई मला सांगणार, मी सर्वरवर लॉगिन करणार, मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी टॉप कमांड लावणार, डेटाबेसमधल्या चालू क्वेरींची यादी बघणार, आणि तोवर सगळं सुटलेलं असायचं. सीपीयू वीस टक्के, मेमरी ठीक, काहीच अडकलेलं नाही. आठ दिवस हेच चाललं. मालक म्हणाले इंटरनेटचं असेल, एका दुकानानं तर राउटर पण बदलून बघितला, त्या माणसाचा विनाकारण खर्च झाला याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी मालकांनाच म्हणलं, सर, जे होतंय ते मी बघायला जाईपर्यंत संपतंय, म्हणजे कुणीतरी सारखं बघत बसलेलं पाहिजे, आणि ते माणसाचं काम नाही. मला एक दिवस द्या, ग्राफ लावतो.

मशीन जुनंच घेतलं, कपाटात पडलेला एक डेस्कटॉप, ५०० जीबीची डिस्क. मॉनिटरिंग क्लस्टरच्या नोडवरच टाकायचं नाही एवढं मी ठरवलंच होतं, कारण नोड बसला तर त्याच्याबरोबर आपले डोळे पण बसतात. त्या डेस्कटॉपवर आकडे साठवणारा प्रोमिथियस आणि त्यांचे ग्राफ काढणारा ग्राफाना, तिन्ही नोडवर आकडे देणारे दोन-दोन एक्स्पोर्टर, एक मशीनचा म्हणजे नोड एक्स्पोर्टर, पोर्ट ९१००, आणि एक डेटाबेसचा, मायएसक्यूएलडी एक्स्पोर्टर, पोर्ट ९१०४. प्रोमिथियस स्वतः दर थोड्या वेळानं जाऊन प्रत्येकाकडून आकडे ओढून आणतो, त्यामुळं एखाद्या नोडनं उत्तरच दिलं नाही तर ती पण नोंद होते. डेटाबेसमधे एक्स्पोर्टरसाठी वेगळा युजर केला, त्याला फक्त बघायचे अधिकार आणि जास्तीत जास्त तीन कनेक्शन, म्हणजे गर्दीच्या वेळी मॉनिटरिंगनंच जागा अडवली असं होऊ नये. पासवर्ड कॉन्फिग फाइलमधे. जुन्या ट्युटोरियलमधे तो एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून देतात, एक्स्पोर्टरच्या ०.१५ पासून ते काढून टाकलंय, माझा अर्धा तास तिथंच गेला म्हणून सांगतो.

ग्राफानाला तयार डॅशबोर्ड नंबर टाकून आणता येतात. मशीनसाठी १८६० आणि मायएसक्यूएलसाठी ७३६२ आणला, संध्याकाळपर्यंत स्क्रीन रंगीबेरंगी झाली, मालक खूश. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. तिन्ही नोडच्या रेषा मी एका पॅनलवर आणल्या तर त्या एकमेकीवर इतक्या तंतोतंत बसलेल्या की एकच रेषा वाटावी. क्लस्टर आहे, सारखंच असणार, असं पहिल्यांदा वाटतं, पण वाचणं तिघांत वाटलेलं असताना कनेक्शनचा आकडा तिघांचा एकच कसा येईल? मग एकेक नोड निवडून अपटाइमचं, म्हणजे सर्वर चालू होऊन किती वेळ झाला त्याचं, पॅनल बघितलं. तिघांचा अपटाइम सेकंदापर्यंत सारखा! आणि दोन नंबरचा नोड तर मागच्या आठवड्यात मीच रीस्टार्ट केलेला. तिथं उलगडा झाला, कॉन्फिग फाइल मी एका नोडवर लिहून बाकी दोनवर कॉपी केलेली आणि तिच्यात होस्ट म्हणून एचएप्रॉक्सीच्या लिहिण्याच्या पोर्टचा पत्ता होता, म्हणजे तिन्ही एक्स्पोर्टर प्रॉक्सीतून जाऊन एक नंबरलाच विचारत होते. प्रत्येकाला आपापल्या लोकल सॉकेटवर, म्हणजे त्याच मशीनवरच्या डेटाबेसवर, बसवलं आणि रेषा वेगळ्या झाल्या. कुणी नवीन लावत असेल तर पहिल्या दिवशी अपटाइमच बघा, लई सोपी तपासणी आहे ही.

दुसऱ्या दिवशी अकराला परत अडकलं. आम्ही दोघं, मी आणि ताई, स्क्रीनसमोर. ग्राफवर काही नाही. क्वेरींची रेषा थोडी खाली आली एवढंच. कारण प्रोमिथियस डिफॉल्टला मिनिटातून एकदा आकडे ओढतो आणि आमचं अडकणं होतं दहा-पंधरा सेकंदांचं, मिनिटाच्या हिशोबात ते विरघळून जायचं. म्हणून डेटाबेसच्या जॉबसाठी ते अंतर ५ सेकंद केलं. मालकांनी विचारलं डिस्क भरणार नाही का, म्हणून कागदावर हिशोब मांडला. तिन्ही नोड मिळून साडेचार हजार सिरीज (सिरीज म्हणजे सारखा नोंदत राहिलेला एक आकडा) धरल्या, ५ सेकंदाला एक म्हणजे दिवसाला एका सिरीजचे १७,२८० नमुने, सगळे मिळून पावणेआठ कोटींच्या आसपास, आणि प्रोमिथियस एका नमुन्याला सरासरी एक ते दोन बाइट घेतो, दोन धरले तरी दिवसाला १५५ एमबी. डिफॉल्टला तो १५ दिवसांचंच ठेवतो, मी ४०० दिवस केलं, ६२ जीबी लागतील, ५०० च्या डिस्कला चालतंय. ४०० एवढ्यासाठी की पुढच्या दसऱ्याला मागचा दसरा शेजारी लावून बघता आला पाहिजे, आमच्या धंद्यात मागच्या महिन्याशी तुलना करून काही कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. गॅलेरामधे एका नोडवर कमिट झालेलं, म्हणजे पक्कं लिहिलेलं, बाकी सगळ्या नोडना लागू करावं लागतं. आलेलं काम प्रत्येक नोडच्या रांगेत पडतं, आणि एखादा नोड मागं पडून त्याची रांग ठराविक मर्यादेच्या वर गेली की तो सगळ्यांना सांगतो, थांबा. याला फ्लो कंट्रोल म्हणतात. मग तो सावरेपर्यंत पूर्ण क्लस्टरचं लिहिणं थांबतं, चांगल्या नोडचं पण. मर्यादा डिफॉल्टला १६ आणि ती नोडच्या संख्येच्या वर्गमुळानं वाढते, तीन नोडला होते २८. म्हणजे रांगेत २८ कामं साचली की ब्रेक. हे मला वाचून माहीत होतं, आणि फ्लो कंट्रोलचा आकडा मी त्या आठ दिवसांत एक नंबरवर हातानं बघितला पण होता. ०.००४ होता. शून्यच की हे, म्हणून सोडून दिलेलं.

पण तो आकडा कशाचा आहे हे नीट वाचलं पाहिजे. मागच्या फ्लश स्टेटसपासून (आकडे परत शून्यावर आणणारी कमांड), आणि ते कधी केलंच नसेल तर सर्वर चालू झाल्यापासून, एकूण वेळातला किती हिस्सा लिहिणं थांबलेलं होतं, त्याचा तो सरासरी हिस्सा. एक नंबर चालू होऊन ४० दिवस झालेले. ४० दिवसांचे ९६० तास, त्याचे ०.००४ म्हणजे जवळजवळ ३ तास ५० मिनिटं. आणि सीझन सुरू होऊन झालेले १५ दिवस. आधीच्या पंचवीस दिवसांत यार्डात माल नव्हता तर ब्रेक लागायचं कारणच नव्हतं, म्हणजे हे सगळे २३० मिनिटं त्या १५ दिवसांतले, रोजचे १५ मिनिटं, आणि ते पण सौदा निघाल्यावरच्या दीड-दोन तासांत तुकड्या-तुकड्यानं. शून्य दिसत होतं त्यात रोज पाव तास बाजार थांबत होता. हा हिशोब निघाला तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन चकरा मारल्या.

त्याच माहितीचा दुसरा एक काउंटर असतो, थांबलेला एकूण वेळ नॅनोसेकंदात, तो नुसता वाढत जातो. त्याचा वेग काढला, शंभर कोटीनं भागला, की दर सेकंदातला किती भाग थांबलेला ते त्या-त्या क्षणाचं कळतं. पॅनल केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ११:२० ला ती रेषा जमिनीवरून उठून ०.७ ला गेली, म्हणजे सेकंदातले सत्तर टक्के क्लस्टर उभं, आणि त्याच वेळी ताईचा फोन वाजला.

पण ही रेषा तिन्ही नोडची सारखीच उठते, थांबतात सगळे एकदमच. कोण थांबवतंय ते यातून कळत नाही. त्यासाठी ब्रेकचे निरोप कुणी पाठवले तो काउंटर बघायचा, फ्लो कंट्रोल सेंट. तो नोडप्रमाणं वेगळा काढून तीन पॅनल शेजारी-शेजारी लावले, तिघांचा उभा अक्ष एकाच मापाचा ठेवला, नाहीतर ग्राफाना प्रत्येक पॅनल आपापल्या मापानं ताणतो आणि सगळ्यांचे डोंगर सारखेच उंच दिसतात. एक नंबर सपाट. दोन नंबर सपाट. तीन नंबरवर करवतीसारखे दात. खाली तिघांची रांग लावली, तिथं पण तेच, तीन नंबरची रांग चढून २८ च्या आसपास घासतेय, बाकीच्यांची शून्य-एक. तयार डॅशबोर्डवर हे दिसलंच नसतं, कारण त्यावर एका वेळी एकच नोड निवडून बघायचं असतं, आणि मी सगळ्यात वर जो माझा म्हणून पॅनल केलेला त्यात तिघांची सरासरी होती. सरासरीत आजारी नोड झाकला जातो, तीनपैकी दोन चांगले असले की आकडा चांगलाच येतो.

तीन नंबर का मागं पडतोय? सीपीयू मोकळा. मग डिस्क. लिहिण्यात गेलेला एकूण वेळ भागिले पूर्ण झालेली लिखाणं, दोन्ही आकडे नोड एक्स्पोर्टर देतो. एक आणि दोनवर एका लिखाणाला एक मिलीसेकंदाच्या आत, तीनवर वीसच्या आसपास. तिन्ही मशीन एकाच दिवशी घेतलेली, एकाच बनावटीची. रेड कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, त्याच्या टूलमधून विचारलं तर बॅटरी फेल. कंट्रोलरवर लिहिण्यासाठी कॅश असते, लाइट गेली तर त्यातला माल वाचावा म्हणून बॅटरी असते, आणि बॅटरीच मेली की कंट्रोलर ती कॅश वापरायचंच बंद करतो, प्रत्येक लिखाण फिरत्या डिस्कपर्यंत पोचून परत आल्याशिवाय हो म्हणत नाही. तो बरोबरच करतो, माल वाचवतो. फक्त कुणाला काही सांगत नाही. लॉगमधे ओळ होती, उन्हाळ्यातली. इथं एप्रिल-मे मधे बाहेर चाळीसच्या वर असतं, लाइट गेली की इन्व्हर्टरवर सर्वर चालतात पण एसी चालत नाही, त्या खोलीत बॅटऱ्या कशा टिकाव्यात.

मग सकाळीच का अडकायचं, त्याचा पण हिशोब बसला. रांगेतली कामं लागू करणारा थ्रेड डिफॉल्टला एकच असतो, आमच्याकडं तसाच होता. वीस मिलीसेकंदाला एक कमिट म्हणजे सेकंदाला पन्नास. दिवसभर आमचं लिहिणं सेकंदाला दहा-वीस, मजेत चालतंय. सौदा निघाला की सगळी दुकानं एकदम पट्ट्या टाकतात, साठ-सत्तरवर जातं, रांगेत सेकंदाला दहा-वीस शिल्लक पडायला लागतात आणि दोन-तीन सेकंदांत २८ भरतात. ब्रेक, थोडं रिकामं, परत भर, परत ब्रेक. म्हणून दात.

मालक म्हणाले तीन नंबर बंदच करून टाका बॅटरी येईपर्यंत. मी नको म्हणलं आणि का ते पण सांगितलं. दोनच नोड राहिले आणि त्यातला एक अचानक गेला तर उरलेला दोनपैकी एक, बहुमत नाही, तो स्वतःहून काम बंद करतो, म्हणजे एका बिघाडात सगळा बाजार बंद. त्यापेक्षा तीन नंबरला डीसिंक केलं. असा नोड क्लस्टरमधेच राहतो, मतदानात धरला जातो, पण मागं पडला तरी ब्रेक दाबत नाही. त्याची स्थिती ४ (सोबत) वरून २ (बाजूला) झाली, एचएप्रॉक्सीच्या तपासणीत तो आपोआप वाचण्यातून बाहेर पडला. शिवाय त्याच्यावर प्रत्येक कमिटला डिस्कवर फ्लश करायचं सैल केलं, तोच माल बाकी दोघांकडं पक्का लिहिलेला असतोच, आणि तो एकटाच बंद पडला तर परत दुसऱ्याकडून भरून घेता येतो. पहिल्या दिवशी हे फ्लशचं अजून केलेलं नव्हतं, तेव्हा त्याच्या रांगेचा ग्राफ बघण्यासारखा होता, एकपर्यंत डोंगर चढत गेला आणि दुपारी माल कमी झाला तसा उतरत-उतरत चारला सपाट. आणि त्या पूर्ण वेळेत ब्रेकची रेषा जमिनीवर. ताईनं स्वतःहून त्या मुनीमकाकांना फोन लावला, "काका, आज निघायलेत का पट्ट्या?" तर ते म्हणले, "आज तर प्रिंटरच मागं पडलाय ताई."

बॅटरी चार दिवसांनी पुण्याहून आली, रविवारी यार्ड बंद असताना बसवली, चार्ज व्हायला वेळ दिला, डिस्कचा आकडा एकच्या खाली आला, मग डीसिंक काढलं.

त्यानंतर मी डॅशबोर्ड मोडून परत मांडला, आणि माझ्या मते खरं काम तेच होतं. आधी दोन पानं मिळून सत्तरच्या वर पॅनल होते आणि ते कुणासाठी आहेत हेच ठरलेलं नव्हतं. आता पहिलं पान ताईसाठी, फोनजवळच्या भिंतीवर टीव्हीवर चालू असतं, त्यात पाचच गोष्टी, नावं मराठीत. सगळ्यात वर मोठ्या आकड्यात "दर मिनिटाला पट्ट्या", हा आकडा डेटाबेसचा नाही, आमच्या सॉफ्टवेअरमधून काढून दिलाय, कारण शेतकऱ्याला पट्टी मिळते का हाच प्रश्न आहे. त्याखाली "तिघं हजर आहेत का", तिथं नोडच्या स्थितीच्या आकड्यांना शब्द लावले, ४ ला "सोबत" हिरवा, २ ला "बाजूला" पिवळा, १ आणि ३ ला "येतोय". मग "क्लस्टर थांबलंय का", मग "ब्रेक कोण दाबतंय" चे तीन शेजारी, आणि शेवटी डिस्कचा वेळ. नोडचे रंग कायमचे ठरवले, एक निळा, दोन हिरवा, तीन केशरी, प्रत्येक पॅनलवर तेच. हे बारीक वाटतं पण आधी एका पॅनलवर हिरवी रेषा एक नंबरची आणि दुसऱ्यावर तीन नंबरची होती, आणि गडबडीच्या वेळी त्यावरून माणूस चुकीच्या सर्वरवर लॉगिन करतो.

बॅटरीचा आकडा कुठलाच एक्स्पोर्टर आपोआप देत नव्हता. त्यासाठी नोड एक्स्पोर्टरला टेक्स्टफाइलची सोय असते, एका फोल्डरमधे ठराविक साच्यात ओळी लिहून ठेवल्या की तो त्या पण देतो. क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी रेडच्या टूलला विचारणारी स्क्रिप्ट बसवली, बॅटरी ठीक असेल तर १ नाहीतर ०, कॅश चालू असेल तर १ नाहीतर ०. लिहिताना आधी वेगळ्या नावानं लिहून मग नाव बदलायचं, नाहीतर एखाद्या वेळी अर्धवट फाइल वाचली जाते. खोलीतलं तापमान पण त्याच रस्त्यानं आणलं, एक साधा सेन्सर लावून.

अलर्ट थोडेच ठेवलेत, अलर्टमॅनेजरमधून टेलिग्रामवर येतात. नोड उत्तर देत नाही, क्लस्टरचा आकार तीनपेक्षा कमी, दोन मिनिटं सलग दहा टक्क्यांच्या वर ब्रेक, बॅटरी किंवा कॅश शून्य, खोली पस्तीसच्या वर. सीपीयूचा अलर्ट लावला होता, तो सौद्याच्या वेळी रोज वाजायचा आणि करण्यासारखं काही नसायचं, म्हणून काढून टाकला.

लागू करणारे थ्रेड वाढवायचे राहिलेत, ते सीझन संपल्यावर आधी टेस्टवर बघणार आहे, सीझनच्या मधे हात लावायचा नाही असं मालकांशी बोलणं झालंय. आणि स्क्रिप्ट चालू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात दोन नंबरच्या बॅटरीनं पण एकदा शून्य दाखवून परत एक दाखवला. ती पण त्याच खरेदीतली, तोच उन्हाळा खाल्लेली. नवीन बॅटरीची ऑर्डर टाकलीय, आणि ती येईपर्यंत तिचं पॅनल टीव्हीवर पट्ट्यांच्या आकड्याशेजारी आणून ठेवलंय.